साहेबांचे सील

नवऱ्याचे साहेब अलास्काची क्रूझ करून आले आणि तिची शिक्षा आम्ही भोगली. इथे सिंगापुरात, सेंगकांगच्या त्यांच्या कॉन्डोत जेवायला बोलावून त्यांनी आधी टीव्हीवर फोटो दाखवले. जेवण नंतर. नवऱ्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, संपत आला होता आणि तो वाढवायचा की नाही हे साहेबांच्या हातात होतं. म्हणून प्रत्येक हिमनदीला तो "वा, सर" म्हणत होता. एकाच फोटोला तो दोनदा म्हणाला.

मग खडकावर पसरलेली तपकिरी धुडं आली. "हे सील," साहेब म्हणाले. "नुसता खच पडलाय. आणि पर्यावरणवाले रडतात, संपत चालले म्हणून. सगळे पैसे उकळायचे धंदे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोटीवरच्या बुफेतून या माणसाला अख्खा उत्तर पॅसिफिक कळला होता.

"अंकल, सील नाही," आमची दहा वर्षांची मुलगी म्हणाली. "कान दिसतात ना? स्टेलर सी लायन. सगळ्यात मोठे सी लायन." शाळेत तिचा प्रोजेक्टच त्यावर झाला होता. जपानच्या उत्तरेपासून रशिया, अलास्का करत ते थेट कॅलिफोर्नियापर्यंत राहतात, हे तिने सांगितलं. पूर्वेकडचे सावरले म्हणून अमेरिकेने त्यांना धोक्याच्या यादीतून काढलं, पश्चिमेकडचे मात्र अजून यादीत आहेत. "तुम्ही ईस्ट साइडला गेलात, अंकल. वेस्टला खूप कमी झालेत."

साहेब हसले. "काय रे, खरं का हे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"छे हो, सर. नेटवर काहीही लिहितात. तुम्ही तर स्वतः बघून आलात."

साहेब मूर्ख होते, त्याचं मला काही नाही. मला किळस आली ती नवऱ्याची. शनिवार-रविवार जमिनीवर पालथा पडून याच माणसाने तिला तो नकाशा रंगवून दिला होता, पूर्वेला हिरवा आणि पश्चिमेला लाल.

परतताना एलआरटीच्या गाडीत ती तिच्या सिंगापुरी धाटणीत म्हणाली, "बाबा, रेड तूच कलर केलंस, वॉट. यू सेड दे आर डाइंग."

"अगं, तो शाळेचा प्रोजेक्ट होता," नवरा म्हणाला.

पास वाढला. नवऱ्याने पेढे आणले, पहिला डबा अर्थात साहेबांना. पुढच्या प्रोजेक्टचा नकाशा आला तेव्हा तो रंगपेटी घेऊन आधीच जमिनीवर बसला होता.

"राहू दे, बाबा," मुलगी म्हणाली. "आई करेल."

मला रेघेच्या आत रंगवता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे.