दोन्ही पाकळ्या पडल्या तेव्हा

त्या दिवशी देवीने मला हो म्हटलं की नाही म्हटलं, हे मला अजूनही सांगता येत नाही. आमच्या घरात याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं जेवताना समोरासमोर बसतात. मी मधे बसते. जे झालं ते मात्र लख्ख आठवतं, म्हणून तेवढंच लिहिते. त्याचा अर्थ लावण्याची माझी पात्रता नाही.

दहावीपर्यंत मी हुशार म्हणून ओळखली जायचे. अकरावीला काय झालं कोण जाणे, गुण असे घसरले की निकाल बघून बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. आणि नेमकं त्याच वर्षी अमेरिकेचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. तेही कुठल्याही साध्यासुध्या कॉलेजचं नाही, तर जगभरातली हुशार मुलं जिथे अर्ज करतात आणि त्यातल्याही बहुतेकांना नकार मिळतो, अशा विद्यापीठांचं. तिथे म्हणे काय शिकायचं हे ठरवायला मुलांना वेळ देतात. मला तेव्हा काहीच ठरवता येत नव्हतं, त्यामुळे ती एक गोष्ट मनात घर करून बसली. देवीपुढे दिवा लावताना मी रोज तेच मागायचे आणि लगेच वाटायचं, एवढ्या गुणांवर हे मागायला जीभ तरी कशी उचलते आपली?

नवीन पनवेलमध्ये एक मॅडम परदेशी अर्जांचं मार्गदर्शन करतात. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि म्हणाल्या, "कमी मार्क्स चालतात, पण त्याला कारण लागतं. घरात कोणी आजारी होतं का?" कोणीच नव्हतं. बाबांचं सुकापूरला रेती-सिमेंटचं दुकान आहे, दिवसभर ओरडूनही त्यांचा आवाज बसत नाही आणि सुकटीचं कालवण असलं की ते भात दोनदा मागून घेतात. मागे कधीतरी त्यांच्या छातीत दुखलं होतं, ते पित्त निघालं. मॅडमना तेवढा धागा पुरला. त्यांनी अर्जासोबत जोडायला करून दिलेल्या इंग्रजी निबंधात बाबा हृदयविकाराने अंथरुणाला खिळले होते आणि मी अभ्यास सोडून त्यांच्या उशाशी बसले होते. वाचताना मला खरंच रडू आलं, इतका तो चांगला झाला होता.

बाबांनी माझ्याकडून त्याचा अर्थ समजून घेतला आणि ते हसले. "लिव गो. कागदावर आजारी पडायला माझं काय जातं? पोरीचं काम होतंय ना?" आई ताट ठेवून उभीच राहिली. "असलं अभद्र घरात बोलायचं नाही. धडधाकट माणसाला आजारी म्हणून लिहून पाठवायचं आणि मग देवाकडे त्याचं आयुष्य मागायचं?" मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत होती. आठवडाभर घरात कोणी नीट बोललं नाही. अर्जाची मुदत जवळ आली होती. शेवटी आई म्हणाली, "गावी जाऊ. देवीचा कौल घेऊ."

बाबांचं मूळ गाव उरणच्या रस्त्याला. तिथल्या गावदेवीला कौल लावायची रीत जुनी आहे. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतात आणि आपला प्रश्न देवीला मोठ्याने सांगतात. उजवी पाकळी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. पुजारीकाकांनी बाबांना पुन्हा पुन्हा विचारून प्रश्न समजून घेतला आणि म्हणाले, "आई, ही तुझी लेक अमेरिकेला शिकायला जायचं म्हणते. बापाचं आजारपण लिहावं, तर उजवी दे. लिहू नये, मोठ्या जागांचा नाद सोडावा, तर डावी दे." मी हात जोडून डोळे पाकळ्यांवर लावले. दोन्ही घट्ट बसल्या होत्या. बराच वेळ गेला. समईची वात पुढे सारून झाली, आईचे ओठ पुटपुटत होते, आणि पाकळ्या काही हलेनात. देवीलाही माझा कंटाळा आला असावा, असं वाटून मी अगदी रडकुंडीला आले.

आमच्या मागे एक कोळीण नंबर लावून उभी होती. नवी होडी पाण्यात कधी घालायची ते तिला विचारायचं होतं. ती वैतागली. "कवाची उभी हाय मी. काय इचारता तरी काय एवढं?" आईने खाली मान घालून थोडक्यात सांगितलं. ती बाई बाबांकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "चांगला उभा हाय बाप, त्याला कशाला आजारी पाडता? पोरीला इचारा ना, मार्क का कमी पडले ते!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. कारण काय दाखवायचं, हे इतके दिवस सगळ्यांनी विचारलं होतं. खरं कारण कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मी तोंड उघडलं आणि निघालं ते एवढंच, "मला माहीत नाही." मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटले. पुस्तक उघडून बसायचे, वाचलेलं काही आत जायचं नाही, कोणाला सांगायचं कळायचं नाही, आपण मुळात हुशार नव्हतोच की काय असं वाटायचं. मी हुंदके देत होते. ती बाई जरा नरमली. "नाय ठाऊक तर नाय ठाऊक. त्यात रडायचं काय? देवीला तसंच सांग," म्हणाली आणि पदराने माझे डोळे पुसले. पदराला मासळीचा वास होता.

आम्ही परत वळलो, तर दोन्ही पाकळ्या देवीच्या पायाशी पडलेल्या.

आधी कुठली पडली, कोणीच पाहिलं नव्हतं. बाबा म्हणाले उजवी, आई म्हणाली डावी. मी पुन्हा लावायची विनंती केली, तर पुजारीकाकांनी मान हलवली. "एका गोष्टीचा कौल एकदाच. आईने दिलाय, तुमी बघितला नाय." त्या बाईची उजवी पाकळी मात्र लावल्या लावल्या पडली आणि ती घाईने निघूनही गेली. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

परतताना बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर-ट्रकच्या रांगेत आमची गाडी अडकली होती, तेव्हा मी मनात पहिली ओळ जुळवली. घरी येऊन निबंध नव्याने लिहिला. अकरावीत काय झालं ते मला माहीत नाही, ते शोधते आहे, एवढंच त्यात होतं. मॅडम म्हणाल्या, "असं कोणी लिहितं का?" मलाही तसंच वाटत होतं. डोळे मिटून पाठवून दिला आणि देवीला म्हटलं, आई, आता तूच बघ.

नंतर नकारांची रीघ लागली. प्रत्येक नकारानंतर मॅडमचं ऐकायला हवं होतं असं वाटायचं, आणि आतल्या खोलीतून बाबांचं घोरणं ऐकू आलं की बरंच झालं असंही वाटायचं. मग अगदी शेवटी, जिथली आशाच सोडली होती अशा एका ठिकाणाहून होकार आला, शिष्यवृत्तीसकट. तो निबंधामुळे आला, पाकळ्यांमुळे आला की चुकून आला, मला खरंच कळलेलं नाही. पण जिच्यामुळे मी खरं बोलले, ती बाई नेमकी त्याच दिवशी आमच्या मागे उभी होती, या विचाराने आजही माझे हात जोडले जातात.

गेल्या मंगळवारी आम्ही देवीची ओटी भरायला गेलो. पायऱ्या चढताना बाबा माझ्या पुढे होते, धापही न लागता. ओटी भरून झाली तेव्हा त्यांनी अचानक पुजारीकाकांना कौल लावायला सांगितला. काकांनी पाकळ्या भिजवल्या आणि विचारलं, "काय सांगू देवीला?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. ही परत येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबांनी हात जोडले.

"काय नाय इचारायचं," ते म्हणाले. "नुसत्याच वाहा."