रंगनाथतात्यांच्या लाल खुणा

रंगनाथतात्यांच्या शर्टाच्या खिशात कायम नेलपॉलिशच्या तीन बाटल्या असायच्या. लाल, गुलाबी आणि जांभळी. मिशा पिकलेला, हाताला ऑइलचा वास येणारा हा माणूस राहुरीच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानापुढे उभा राहून पक्का रंग मागायचा. दुकानदारीण विचारायची, सुनेसाठी का? तात्या सांगायचे, मशीनसाठी. काकू आजही ऐकवतात, की एवढ्या वर्षांच्या संसारात मला यांनी एक बाटली आणली नाही.

मी तेव्हा नगरच्या एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटवर कामगार संघटनेची पत्रकं वाटायला नुकतीच लागले होते. 'लवचिकतेच्या नावाखाली लूट' असा मथळा मी स्वतः लिहिला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. बहुतेक लोक पत्रक घेऊन त्यावर वडापाव ठेवायचे. तिथल्याच एका कंपनीत मशीनवर काम करणाऱ्या तात्यांनी ते गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मला हाक मारली.

"पोरी, लवचिक म्हंजी वाईट, असं कुनी सांगितलं तुला?"

मी भाषण सुरू केलं. आज कामगार या मशीनवर, उद्या त्या, परवा घरी. याला साहेब लोक लवचिकता म्हणतात. तात्यांनी ऐकून घेतलं आणि चहाचे दोन ग्लास शेजारी मांडले. हा ट्रॅक्टरचा ब्रॅकेट, हे पंपाचं झाकण. दोन्ही एकाच मशीनवर होतात. पण एक संपवून दुसरं सुरू करायचं तर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरून ठेवणारे सगळे आधार सोडवून नव्या जागी बसवावे लागतात. त्याला सेटिंग म्हणतात. पूर्वी त्यात अर्धी पाळी जायची. तात्यांनी प्रत्येक आधाराची जागा नेलपॉलिशनं मशीनवरच टिपून ठेवली. पेन्सिल ऑइलनं पुसते, मार्कर उडतो, हा रंग टिकतो. लाल ब्रॅकेटचा, गुलाबी झाकणाचा. आता चहा पिऊन होईतो जॉब बदलतो.

"ट्रॅक्टरची मागनी पडली तवा शेजारची कंपनी बसली. त्यांना एकच जॉब यायचा. आमची पंपावर जगली. मशीन लवचिक हुतं म्हनून. तू शब्दाला शिव्या देऊ नको. कुनाला वाकवत्यात ते लिही."

मला राग आला होता. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्याच टपरीवर गेले.

मग कंपनीत नवे मॅनेजर आले. त्यांनी तात्यांच्या सेटिंगचा तक्ता करून घेतला, लॅमिनेट करून मशीनवर टांगला, आणि आता हे कुणालाही जमेल म्हणून तात्यांना पॅकिंगला पाठवलं. कारण लवचिकता. ज्यानं उभी हयात त्या मशीनवर काढली, तो खोक्यांना चिकटपट्ट्या लावू लागला. मी त्याच दिवशी पत्रक लिहून टपरीवर नेलं: 'तात्यांचं कसब चोरलं!'

तात्यांनी माझ्याच पेनानं 'चोरलं' खोडलं. म्हणाले, "लपवायचं असतं तर लाल रंग कशाला लावला असता? त्या खुना माझ्यासाठी नव्हत्याच. मला हात लावला की कळतंय."

खुणा होत्या सुनीतासाठी. सुनीता तिथली कंत्राटी कामगार, पाथर्डीकडची. तात्यांनी तिला आधी खुणांवरून शिकवलं, नंतर खुणांवर फडकं टाकून वितीनं मोजायला लावलं. तिला चार मशीनचं सेटिंग येत होतं. गळ्यातल्या कार्डावर मात्र 'हेल्पर'. चार मशीन येणाऱ्या बाईला हेल्पर म्हणतात, ते लिही, असं तात्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आणि तुमचं मशीन? त्यांनी ग्लास विसळून ठेवला. माझं नोकरीचं एकच वर्ष उरलंय, म्हणाले.

पुढचा प्रसंग मला सुनीतानं गेटबाहेर सांगितला, तोही हसून हसून डोळे पुसत. बाहेरगावचे पाहुणे कंपनी बघायला येणार होते, म्हणून मॅनेजरांनी सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं रंगवून घेतली. हिरवीगार, चकाचक. सोमवारी जॉब बदलायची वेळ आली तेव्हा तक्ता होता आणि तक्त्यात लिहिलं होतं, 'ब्रॅकेटसाठी आधार लाल खुणेवर बसवा'. मशीनवर लाल खूण कुठे होती? तात्यांच्या जागी सेटिंग करणारा नवा सेटर टॉर्च घेऊन हिरव्या रंगात लाल शोधत बसला. पाहुणे आले तेव्हा मशीन थंड पडलेलं.

मॅनेजर पॅकिंगमध्ये धावत गेले. तात्या म्हणाले, मी तर खोकी लावतो साहेब, सुनीताला येतंय, तिला विचारा. मॅनेजर सुनीताकडे आले. तिनं गळ्यातलं कार्ड पुढं केलं.

"साहेब, हितं हेल्पर लिवलंय. हेल्परनं सेटिंगला हात लावायचा न्हाई, ही पाटी तुमीच लावलीय. म्या कसा लावू?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीन तसंच उभं राहिलं. सुनीता तेवढा वेळ कार्ड पुढं धरून उभी राहिली. उद्या गेटवरूनच परत पाठवतील, याची तिला खात्री होती. शेवटी साहेबांनी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं: सुनीता, सेटर. तिनं सही मागितली, मग शिक्का मागितला. मग विती घालून सेटिंग केलं. तात्या पॅकिंगच्या दारात हात मागं बांधून उभे होते. पहिला ब्रॅकेट मापात उतरला तसे वळले आणि खोक्यांकडे गेले.

त्यांना मशीनवर परत कुणी घेतलं नाही. निवृत्तीला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मला त्याची अजून चीड आहे. हे लिहितानाही आहे.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. त्याआधी थोडे दिवस मी आणि सुनीता त्यांच्या घरी गेलो होतो. तात्या अंगणात बाजेवर पडून होते, आवाज बारीक झालेला. सुनीतानं हिरव्या रंगावर पुन्हा खुणा केल्या होत्या, आणि ती आता आणखी दोन बायकांना शिकवत होती. मी त्यांना मजेची बातमी सांगितली: कंपनीनं मशीनवर छापील सूचना लावली आहे, 'लाल खुणांना कोणीही हात लावू नये.' खाली मॅनेजरांचं नाव आहे, तुमचं नाही, हेही मी तणतणत सांगितलं.

तात्यांनी नावाचं ऐकलंच नाही. ते सूचनेलाच हसायला लागले, हसता हसता ढास लागली, काकू पाणी घेऊन आल्या.

"हात लावू नये?" ते म्हणाले. "अगं, हात लावायलाच तर केल्या हुत्या."