केशरची बाजू

नवरा, मच्छिंद्र, वारल्यानंतर ज्ञानेश्वरीबाईंनी कादंबरी लिहायला घेतली. वय बासष्ट. नगरच्या सावेडीतल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता. गोष्ट सगळ्यांच्या ऐकण्यातली, सावत्र आई पोरीला छळते ती. पण त्यांनी ती निजामशाहीतल्या नगरात नेली आणि सावत्र आईच्या तोंडून सांगितली. त्यांची केशर म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या नहरीवरच्या कारागिराची दुसरी बायको.

बाईही अशाच आल्या होत्या. मच्छिंद्र बिजवर, त्याची रेश्मा सात वर्षांची. ती मेलेल्या आईची साडी पोटाशी धरून झोपायची. आलागेला ते बघून डोळे पुसायचा आणि नव्या नवरीकडे पाठ करायचा. एका दुपारी रेश्मा शाळेत असताना बाईंनी ती साडी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. पोरीला सांगितलं, "उंदरांनी कुरतडली, टाकून दिली."

कादंबरीत केशरनंही तेच केलं. ते प्रकरण त्यांनी पाचदा लिहिलं. मग छापायला देण्याआधी वह्या राहुरीला रेश्माकडे पाठवल्या.

आठवड्यानं रेश्मा आली. पंचेचाळिशीची बाई, पण लहान पोरीसारखी दारातच उभी राहिली.

"उंदीर नव्हते ना, आई?"

"नव्हते."

"मी माळ्यावर चढून बिळं शोधायचे. वाटायचं, एखादा तुकडा तरी मिळेल."

बाईंनी खुर्ची पुढे केली, पण रेश्मा आत येऊनही बसली नाही.

"तुझ्या केशरला किती भीती वाटते, किती एकटं वाटतं, सगळं लिहिलंस. खरंही असेल. पण ती पोरगी नुसती रडते. तिला एक वाक्यसुद्धा नाही."

"तिचंही लिहिते मी."

"तुला काय माहीत तिचं?" रेश्माचा आवाज चढला नाही. वह्या टेबलावर ठेवून ती चहा न घेता गेली.

बाई तीन महिने त्या पोरीला बोलतं करायला बसत होत्या. पोरगी दर वेळी केशरला माफ करून मोकळी व्हायची. बाई पान फाडायच्या. शेवटी त्यांनी प्रकाशकाला फोन करून कादंबरी छापायची नाही म्हणून सांगितलं.

रेश्मा दिवाळीला येते. फराळ आणते, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात का बघते. पूर्वी ती मुक्काम करायची. आता पाचच्या एसटीनं परत जाते.