सारवलेली भुई

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गोंडपिपरीला आमच्या घरामागं पेट्रोल पंप होता. त्याची जमिनीतली टाकी गळत होती आणि वाफ भुईच्या भेगांतून मधल्या खोलीत चढायची. तिथंच माझी बायको बाळंतीण होती. आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. आईनं खिडकीत गोणपाट कोंबलं होतं. "डोकं दुखून राह्यलं, पेट्रोलचा वास येते," असं बायको म्हणायची. मी म्हणायचो, "माहेरी अत्तराचा येत होता का?" असा होतो मी.

तरी तक्रार मीच केली होती, बाळ व्हायच्या आधी. आता चंद्रपूरच्या सरकारी कचेरीतून पत्र आलं की साहेब घरातली हवा तपासायला येतील. सोबत सूचनांचा कागद होता. आदल्या दिवसापासून दारं-खिडक्या बंद ठेवा, भुई सारवू नका, भेगा बुजवू नका. वाफ सापडली तर टाकी दुरुस्त होईपर्यंत आम्हाला दुसरीकडे खोली मिळणार होती. मी आईला सगळं वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "साहेब घरी येते अन् भुई उकललेली? लोक का म्हणतीन?" मला पटलं. पटलं म्हणजे काय, शेणाचं घमेलं मीच आणून दिलं. आईनं भेगांत माती ठासली, वरून दोन हात सारवलं.

साहेबांनी भुईला बोट लावलं. "हे कधी सारवलं?"

"झाले आठ दिवस," मी म्हटलं.

ओलं शेण त्यांच्या बोटाला लागलं होतं. ते त्यांनी भिंतीला पुसलं, यंत्र लावलं, चहा घेतला आणि तिथंच लिहून दिलं, घरात दोष नाही. भुई ओली म्हणून बायकोला पडवीत हलवलं होतं; बाळाला घेऊन ती तिथून पाहत होती.

भुई वाळली, पुन्हा उकलली. बायको म्हणाली, पडवीतच राहू द्या. मी तो कागद तिच्या तोंडासमोर धरला. "साहेबाले वास आला नाई, तुलेच काऊन येते? नखरे बंद कर." ती बाळाला घेऊन आत गेली.

सव्वा महिना पुरा व्हायच्या आत बाळ गेलं. आधी दूध ओढेना, मग हलेना. डॉक्टर म्हणाले, कशानं ते सांगता येत नाही. मला येतं.

सुतक फिटलं तशी आईनं खोली सारवली. वास गेला. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता बोलवा तुमच्या साहेबाले. घर साफ हाये."