नकाशातली सरळ रेषा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ऑफिसात रोज माझ्या डब्यातलं खाणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल कदाचित.

मी नकाशे काढते. नागपुरात, सिव्हिल लाईन्समधल्या एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर. गावाला भोवतालच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळायचा असेल, तर त्या जंगलाची हद्द कुठून कुठे जाते ते संगणकावर चढवावं लागतं — ते माझं काम. दिवसभर मी जंगल वरून बघते, उपग्रहाच्या फोटोत. वरून ते फार शांत दिसतं हो. उन्हाळ्यात तपकिरी, पावसाळ्यानंतर गच्च हिरवं, मध्येच एखादा नाला हरवतो आणि पुढे कुठेतरी सापडतो. बघता बघता माझा चहा निवून जातो. घरचे म्हणतात, हिचं अर्धं लक्ष कायम दुसरीकडे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. म्हणजे — बघा, लगेच सबबीसारखंच झालं.

गाव पारशिवनीच्या पुढचं, पेंचच्या अंगाला. नाव नाही सांगत. नऊ वर्षांपूर्वी एप्रिलात मी तिथे हद्द मोजायला गेले होते. पद्धत सोपी असते. गावातली जाणती माणसं हद्दीवरून चालतात, आपण त्यांच्या मागून मोबाईल घेऊन चालायचं. मोबाईल पावलापावलाला ठिपका टाकत जातो, ठिपक्यांची रेषा होते, आणि रेषा फिरून पहिल्या ठिपक्याला मिळाली की झाली हद्द. त्या दिवशी पुढे चालायला गावाने सायत्राबाईला दिलं होतं. पन्नाशीची, काटक बाई, अनवाणी. पुरुष होते, सरपंच होता, तरी पुढे तीच. जंगलात तिच्याइतकी वाट कुणालाच ठाऊक नाही, हे सांगताना सरपंचाला जरासुद्धा कमीपणा वाटत नव्हता.

मोहफुलांचा हंगाम होता. तो वास कसा सांगू? गोड, जड, डोळ्यांवर येणारा. सायत्राबाई प्रत्येक झाडापाशी थांबायची, झाडाला हात लावायची आणि ते कोणाच्या घरचं ते सांगायची. मोहाची झाडं वाटून घेतलेली असतात — हे हिचं, ते तिचं, पिढ्यान् पिढ्या. मी मान हलवत होते. खरं तर मला सगळं दुरून ऐकू येत होतं.

दुपारी एका झाडाखाली जेवायला बसलो. भाकर, लाल मिरचीचा ठेचा, कांदा. बसल्या जागी मोबाईल चालू ठेवला तर ठिपक्यांचा गुंता होतो, म्हणून मी मोजणी थांबवली. जेवले, आणि तिथेच झोपले. किती वेळ, कोण जाणे. जाग आली तेव्हा सायत्राबाई पळसाच्या पानाने माझ्या तोंडावरच्या माश्या वारत बसली होती.

"झोपा जी ताई," ती म्हणाली. "जंगल काही पळून नाही राहिलं."

उठलो, निघालो. पुढचा टप्पा लांबचा — एका टेकडीला मागून पूर्ण वळसा घालून नाल्यापर्यंत. टेकडीमागे सहा घरांचे मोह होते, त्यातले सायत्राबाईचे सगळ्यांत दाट. तिने मला एकेका झाडाशी नेलं. मी झोपेतच चालत होते म्हणा ना. ऊन पानांतून गळत होतं, पायांखाली फुलं पिचत होती, आणि मला वाटत होतं, हे कधी संपूच नये. खोटं नाही सांगत, आयुष्यातल्या फार सुंदर दुपारींपैकी ती एक आहे. अजूनही.

नाल्यावर पोचलो. लोक पाय धुवत होते. मी मोबाईल बघितला. सकाळची रेषा जेवणाच्या झाडापर्यंत आलेली होती. पुढे काही नव्हतं. उठल्यावर मोजणी पुन्हा सुरू करायची — एक बटण — तेवढंच मी विसरले होते.

"आलं ना ताई सगळं?" सायत्राबाईने विचारलं.

"आलं," मी म्हणाले.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. हसले असते सगळे, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालले असते. पण थकलेल्या माणसांना, आणि ते पळसाचं पान हातात धरून बसलेल्या बाईला — कसं सांगायचं? असं मला वाटलं. की माझ्या हुशारीला धक्का लागेल, एवढंच वाटलं? आता मला हे दुसरं कारणच खरं वाटतं.

नागपुरात येऊन मी जेवणाचं झाड आणि नाला हे दोन ठिपके जोडले. सरळ. संगणकाला काय, दोन ठिपके दिले की तो जोडतो. रेषा टेकडीच्या अलीकडून गेली. टेकडी आणि तिच्यामागचे मोह बाहेर राहिले. ग्रामसभेआधी एकदा जाऊन येऊ, असं मी स्वतःला म्हणत राहिले. गेले नाही. नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला. लोकांनी त्यावर बोटं फिरवली, नाला ओळखला, देवाची जागा ओळखली, आणि सह्या-अंगठे दिले. सायत्राबाईने विचारलं, "माहे मोह कुठं हायेत यात?" मी रेषेच्या आत बोट ठेवलं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, हेही सांगायला हवं. त्या नकाशावर गावाने खूप काही उभं केलं. आग लागली की गावातल्या पोरांच्या मोबाईलवर संदेश येतो आणि ती झाडपाला घेऊन आग झोडपायला धावतात. बांबू वाढला. विडीसाठीचा तेंदूपत्ता गाव स्वतः विकतं. माझ्या ऑफिसात पाहुणे आले की हाच नकाशा भिंतीवर दाखवतात. एकदा एका पाहुण्याने विचारलं, इथे हद्द इतकी सरळ कशी? मी म्हणाले, जुनी बैलगाडीची वाट आहे तिथे. किती सहज म्हणाले.

मग वनरक्षकांच्या मोबाईलमध्येही तोच नकाशा आला. एका मार्चात सकाळी सायत्राबाई टेकडीमागे फुलं वेचत असताना नवा वनरक्षक आला. वाईट नव्हता तो. त्याने तिला मोबाईल दाखवला — हा ठिपका आपण, ही तुमची रेषा, आपण बाहेर आहोत, बाई. रेषेबाहेर वेचायला बंदी. ती रिकामी टोपली घेऊन परत आली. मग बाकीची पाच घरंही.

ग्रामसभा बसली. मला नागपूरहून बोलावलं. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.

"आपण तं टेकडीमागूनच गेलतो," एक म्हातारा म्हणाला. "मंग काहून अशी आली रेषा?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणि मी म्हणाले — हे शब्द मला पाठ आहेत — "मोबाईलला जिथून नेलं, तिथूनच तो रेषा काढतो."

मोजणी चालू असेल, तर यातला एक शब्दही खोटा नाही. किती छान जमवलं होतं मी! मग एकेक करून माना वळल्या, त्या दिवशी जी पुढे होती तिच्याकडे.

सायत्राबाई उभी राहिली. तिने बराच वेळ जमिनीकडे बघितलं. ती आठवत होती हो. आपली पावलं आठवत होती.

"मीच पुढं होतो," ती म्हणाली. "ऊन लय होतं त्या दिवशी. माहीच वाट चुकली असंन." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "तुमाले उगाच तरास झाला, ताई."

आणि मी म्हणाले, "असू द्या. होतं असं."

हा माझा गुन्हा. बटण विसरले तो नाही. बटण कोणीही विसरेल. जिला डोळे मिटून ते जंगल चालता आलं असतं, त्या बाईला मी तिची स्वतःची पावलं खोटी वाटायला लावली, आणि वर तिला माफ केलं.

हद्द दुरुस्त करायचा अर्ज असतो. संगणकावरच भरायचा. त्यात 'दुरुस्तीचे कारण' अशी एक चौकट आहे. ती मी अनेकदा उघडली आहे. आजही ती कोरी आहे. सायत्राबाई आता मोहाच्या हंगामात दुसऱ्यांच्या वावरात मिरची तोडायला जाते. त्या पाच घरांतली माणसं तिच्याशी बोलतात, पण जेवढ्यास तेवढं.

मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा गेले होते, बांबूची पाहणी करायला. गावातल्या बायका बरोबर होत्या. सायत्राबाईही होती, सगळ्यांत मागे. एका ठिकाणी वाट फुटली. पुढे चालणारी, गावातल्या एका घरची नवी सून गोंधळली. मागे वळून तिने विचारलं, "आत्या, कोनती वं?"

सायत्राबाईने दोन्ही वाटांकडे बघितलं. तिचा उजवा पाय जरासा उचलला गेला होता, मी बघितलं. मग तिने तो खाली ठेवला.

"मले काहून विचारतं? माही वाट चुकते. ताईले विचार."

सगळ्या जणी माझ्याकडे बघत थांबल्या. मी मोबाईल काढला आणि त्यांना वाट दाखवली.