मिनेसोटाची सारजा

नीलम तायडेला एका जागी बसवत नाही, हे अमरावतीच्या तिच्या कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. ती तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. तास संपला की खडूचे हात झटकत व्हरांड्यात येरझारा घालायची. त्या एप्रिलात तर दर दोन मिनिटांनी मोबाइल बघायची. ती अमेरिकेहून येणाऱ्या एका मेलची वाट पाहत होती.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका जुन्या मिशनच्या बंगल्यात, तिथली राखण करणाऱ्या देवमनने तिला पत्र्याची एक पेटी उघडून दिली. आत शंभरेक पत्रं. अक्षरं इंग्रजीसारखी, पण भाषा कळेना. ती नॉर्वेची निघाली. सिग्ने नावाची नर्स, नॉर्वे सोडून मिनेसोटात शेती करायला गेलेल्या घरातली. १९००च्या दुष्काळात ती वऱ्हाडात आली, आठ वर्षं राहिली, आणि परत गेल्यावर अकोल्यात मागे राहिलेल्या आपल्या नॉर्वेजियन मैत्रिणीला लिहीत राहिली.

कोश आणि मोबाइल घेऊन नीलमने दोन वर्षं ती भाषा गिरवली. दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोला गाठायचं. देवमन म्हणायचा, "लवकर करा बाई. वाळवी काही तुमच्यासाठी थांबून नाही राहिली."

अकराव्या पत्रात सारजा आली. दुष्काळात मिशनमध्ये आणलेली मोर्शीकडची पोर, सिग्ने तिला सोबत घेऊन गेली होती. सिग्नेने लिहिलं होतं: सारजा मक्याच्या पिठाच्या भाकरी हातावर थापते, माझे भाऊ आधी हसले, आता मागून घेतात. आणि खाली: तिच्या भावाला कोणी कळवलं का, ती रोज विचारते.

त्या ओळीनंतर नीलमला झोप नीट लागेना. मिनेसोटातली एक संस्था तिकडे गेलेल्या नॉर्वेच्या लोकांच्या इतिहासावरच्या संशोधनाला निधी देते, हे कळल्यावर तिने अर्ज केला. तिचे वडील डोमाजी रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना पटेना.

"तिकडच्या लोकायनं तुले पैसे काहून द्यावे?"

"त्यायच्याच घरची पत्रं हायेत बाबा. आन् त्यायच्या घरात आपली एक पोरगी हाय."

संस्थेचा मेल आला तेव्हा ती अकोल्याच्या फलाटावर होती. निधी मंजूर होता, पण एक अट होती. काम सिग्नेच्या कुटुंबापुरतं ठेवावं, सारजावरचं प्रकरण विषयाबाहेरचं आहे, ते गाळावं. गाडी आली, सुटली, ती तिथंच फेऱ्या मारत राहिली. कॉलेजात पुढच्या वर्षीच्या तासांची खात्री नव्हती. घरी गेल्यावर तिने तीनदा होकार लिहिला आणि तीनदा पुसला. शेवटी लिहिलं, की त्या घरात परक्या देशातून आलेली सगळ्यात नवी व्यक्ती सारजाच होती, तिला वगळून मी लिहू शकत नाही. निधी दुसऱ्याला गेला.

आठ दिवस डोमाजी तिच्याशी बोलले नाहीत. ती स्वतःवरही चिडली होती. पण सहा आठवड्यांनी निवड समितीतल्या कारेन नावाच्या निवृत्त शिक्षिकेने स्वतःहून एक फोटो पाठवला. कारेनच्या गावच्या चर्चच्या नोंदवहीतलं पान होतं, त्यात सारजाची सारा झाली होती: सारा, इंडिया. मृत्यू १९१८. आईवडील अज्ञात.

अज्ञात कसे? एका पत्रात गावाचं आणि भावाचं नाव होतं. नीलम दुसऱ्याच दिवशी मोर्शीच्या एसटीत बसली. चार फेऱ्या वाया गेल्या. पाचव्या खेपेला संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्या बायकांनी तिला दुर्गाबाईंच्या घरी नेलं. दुर्गाबाई ऐंशीच्या, सारजाच्या भावाची नात.

"आज्याची एक बहीण व्हती," त्या म्हणाल्या. "दुष्काळात मेली म्हनत."

नीलमने पत्र मराठीत वाचून दाखवलं. भाकरीपाशी दुर्गाबाई थोड्या हसल्या. भावाच्या ओळीपाशी मात्र पदर तोंडाला लावून बसल्या. मग त्यांनी विचारलं, "तिले तिथं आपलं असं कोनी व्हतं का?"

"सिग्ने होती," नीलम म्हणाली. तेवढं पुरेसं होतं की नाही, तिला सांगता येईना. निघताना तिने सारजाच्या आईवडलांची नावं लिहून घेतली आणि एसटी स्टँडवरूनच कारेनला पाठवली.

पुढच्या वर्षी तिने त्याच संस्थेकडे पुन्हा अर्ज केला, सारजाच विषय घेऊन आणि नोंदवहीचं पान व दुर्गाबाईंची आठवण जोडून. या वेळी निधी मिळाला, आणि वर्षभराने त्यातून लिहिलेल्या निबंधाला संस्थेचा पुरस्कारही. कॉलेजने गेटवर फ्लेक्स लावला, त्यावर 'नॉर्वे सरकारचा पुरस्कार' असं चुकीचं छापलं. सत्काराला डोमाजी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. भाषणं लांबत चालली, तशी नीलमची घालमेल वाढली. पेटीतली चाळीस पत्रं वाचायची राहिली होती, आणि सारजा गेली त्या १९१८ सालचं तर अजून एकही सापडलं नव्हतं. शाल मिळताच वडिलांच्या हातात देऊन, कुणाला न सांगता, ती अकोल्याची गाडी पकडायला बडनेऱ्याच्या ऑटोत बसली.