बाबाजी सुतारानं रंधा पालथा घातला

आमचा शेजारी बाबाजी सुतार हा जगातला सगळ्यात गुपचूप माणूस, असं त्याचं मत आहे. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत आहे आणि तिच्या अलीकडे मी आहे, हे तो नेहमी विसरतो.

साल एकोणीसशे एकतीस. उरणच्या खाली, मिठागराच्या बांधाला लागून आमची वाडी. पौषात एका मचव्याची, म्हणजे शिडाच्या होडीची, फळी बदलताना बाबाजी टेकूवरून घसरला आणि उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण तो रुसलेल्या जावयासारखा बसला. जागेवर होता, कामाचा नव्हता. हात मागे ओढता येई. पुढे रेटायला गेला की बाबाजीच्या तोंडून अशा शिव्या निघत की माझ्यासारख्या जाणकारालाही दोन-तीन नव्या मिळाल्या.

सुताराचं अर्धं आयुष्य रंधा रेटण्यात जातं. आणि नेमकी त्याच वर्षी देवाच्या पालखीला वाळवी लागली. दांडा शाबूत होता, पण काठाच्या गलत्याच्या पट्ट्या, म्हणजे वळ्या-पन्हळ्यांची नक्षी काढलेल्या लांब पट्ट्या, सोळाच्या सोळा नव्या करायला हव्या होत्या. गावचा रिवाज असा, की ज्याच्या हातचं पालखीचं लाकूडकाम, शिमग्याला पहिला खांदा त्याचा. चार पिढ्या तो मान बाबाजीच्या घरात होता.

गावकीचे कारभारी अंबाजी पाटील ओटीवर येऊन बसले.

"काय रं बाबाजी, खांदा कसा हाय?"

"हायेत की. दोनी हायेत."

"थट्टा नको. मुंबईच्या कारखान्यात यंत्रावर पट्ट्या निघतात. मोरा बंदराच्या बोटीनं आणू. तू आराम कर."

"आन् पहिला खांदा?"

पाटलांनी तंबाखूत चुना जरा जास्तच मळला. "कारखाना काय खांदा द्यायला येणार न्हाय. बघू कोणाला द्यायचा ते."

कोणाला म्हणजे पाटलांच्या पुतण्याला, हे वाडीतल्या कुत्र्यालाही कळत होतं.

"पंधरा दिस द्या मला," बाबाजी म्हणाला. पाटील हो म्हणाले, कारण पंधरा दिवसांत खांदा बरा होत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

पुढचे चार दिवस बाबाजी स्वयंपाकघराच्या दारात बसून कृष्णाबाईचं डोकं खात होता. कृष्णाबाई म्हणजे त्याची बायको; आवाज असा की ती खोबरं खवताना बोलली तरी मला इकडे मिठाचा अंदाज येतो. पाचव्या दिवशी ती विळीवर नारळ खवत होती आणि बाबाजी ताटावर बसून टक लावून बघत होता.

"काय बघताय? खोबरं कधी पाह्यलं न्हाय?"

"विळी हालत न्हाय."

"हालली तर बोट जाईल माझं!"

"नारळ हालतो. विळी जागेवर." आणि तो ताटावरून उठला. कालवण तसंच. कृष्णाबाईनं त्याच्या सात पिढ्या काढल्या, त्यातल्या चार पालखीवाल्या.

त्यानं एका जुन्या दाराच्या फळीला चार पाय लावून मेज केलं, मधे चीर पाडली आणि आज्याचा गलत्याचा रंधा खालून पालथा बसवला. पातं वर डोकावणारं. आता रंधा जागेवर आणि लाकूड फिरणार. पट्टी सरळ जावी म्हणून बाजूला सागाची आडपट्टी ठोकली. मग लाकूड ठेवून डाव्या हातानं पुढे रेटलं. भुसा नाही, छिलका नाही. पट्टी पात्यावरून गुळगुळीत घसरून गेली. मेज मात्र तिच्यामागं चालत निघालं.

दिवसभर बाबाजी पातं घासत होता. संध्याकाळपर्यंत त्या पात्यानं माझी दाढी झाली असती.

शेवटी कृष्णाबाई आली. "विळीवर बाईमाणूस बसतं म्हणून विळी जागेवर ऱ्हाते. तुमच्या मेजावर कोण बसलंय?" तिनं मेजाच्या पायांना खाली एक फळी ठोकायला लावली आणि जात्याची तळी आणवून तिच्यावर ठेवली. मग पात्याकडे वाकून बघितलं. "आन् ह्याचं तोंड तिकडं हाय. तुम्ही पाठीवरनं लाकूड घालताय. मांजरसुद्धा उलटं कुरवाळलं तर ओचकारतं. हे बिचारं गप ऱ्हायलं."

तीस वर्षांची सवय! रंधा पुढे रेटायचा, म्हणून त्यानं तो पुढे तोंड करूनच बसवला होता. पालथ्या रंध्यावर लाकूड पलीकडून घालून आपल्याकडे ओढायला हवं होतं.

"ओढायचं," बाबाजी हळूच म्हणाला. ओढायला तर त्याचा खांदा तयारच होता. चूक अशी उपयोगी पडलेली मी दुसरी पाहिली नाही.

कृष्णाबाईनं पलीकडून पट्टी लावली, त्यानं ओढली. छिलक्याची लांब भेंडोळी सुटली. पण मधेच पट्टी उचलली जाई आणि वळी तिथं उथळ येई. म्हणून त्यानं कृष्णाबाईची लाकडी फणी पळवली, ती बघून बांबूची वीतभर मोठी फणी कापली आणि तिचे लवचीक दात पट्टीवर दाबून बसवले. हे फणीप्रकरण मी भिंतीपलीकडून ऐकलं. पाच-सहा वेळा ओढली की पट्टी तयार. सोळाही पट्ट्या एका आईच्या.

इथं माझ्या हातून थोडं पाप घडलं. तोंड खाजत होतं म्हणून मी मीठवाल्यांमध्ये बोललो, "बाबाजीकडे यंत्र आलंय." दुपारपर्यंत लोकांच्या तोंडी ते यंत्र मुंबईहून आलं आणि संध्याकाळपर्यंत पट्ट्याच मुंबईहून आल्या.

पंधराव्या दिवशी पाटील चार माणसं घेऊन हजर. त्यांनी सोळाही पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"माणसाच्या हातची सोळा लाकडं अशी सारखी येत न्हाईत. कारखान्याची हायेत. देवाशी खोटं बोलतोस?"

बाबाजी पांढरा पडला. मीच पुढे झालो आणि सगळ्यांसमोर कबूल केलं की यंत्राची कंडी मीच पिकवली. माझी कबुली कोणी मानली नाही. खरं बोलायची सवय नसली की असं होतं.

कृष्णाबाईनं सगळ्यांना पडवीत मेजापाशी ढकललं, कोरी पट्टी पलीकडून लावली आणि गरजली, "पाटील, तुम्हीच ओढा!"

पाटलांनी ओढली. छिलका त्यांच्या मिशीला लटकला. पुन्हा ओढली. सहाव्यांदा ओढून झाली तेव्हा हातात गलता होता, बाकीच्या सोळांसारखाच. पाटलांनी सातव्यांदाही ओढली; तेवढी गरज नव्हती.

"सतरावी कशाला लागते?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही केलीत, तुम्हीच ठेवा," बाबाजी म्हणाला.

शिमग्याला ढोल वाजला आणि पहिला खांदा बाबाजीनं दिला, डावा. चार पिढ्या उजव्या खांद्यावर उठणारी पालखी, मागचे तिघे उजव्या खांद्याचे. पालखी देवळातून खेकड्यासारखी तिरकी निघाली. "अरे, शिमगा हाय का कवायत?" पाटील ओरडले. मग त्यांनी पुतण्यासकट तिघांना खांदा बदलायला लावला.